डोक्यावरून ओला हात

संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास एखाद्या मशिदीवरून आपण गेला असाल, तर एक दृश्य आपल्या नजरेस पडले असेल. हौदाच्या कडेला किंवा नळाच्या ओळीपाशी पाचसात माणसे बसलेली असतात. सदऱ्याच्या बाह्या कोपरांच्या वर सारलेल्या असतात. कुणी चूळ भरतो, कुणी नाकात पाणी घेऊन शिंकरतो, कुणी तोंड धुतो, कुणी कोपरापर्यंत हात धुतो. मग प्रत्येक जण टोपी काढून मांडीवर ठेवतो, दोन्ही हात ओले करतो आणि डोक्यावरून फिरवतो. शेवटी पाय धुतो आणि उठून आत जातो. या सगळ्याला वुजू म्हणतात. आमच्या कोकणात म्हातारी माणसे 'वजू' म्हणतात. आणि डोक्यावरून ओला हात फिरवण्याला म्हणतात मसह. हे काम जेमतेम दोनतीन सेकंदांचे. त्या दोनतीन सेकंदांविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे.

एवढ्याशा गोष्टीवर हे गुरुजी काय बोलणार, असे कुणाला वाटेल. पण याच गोष्टीवरून माझ्या धाकट्या बहिणीच्या संसारात पहिल्याच महिन्यात पेच पडला होता. तो मी पुढे सांगतोच. आधी मूळ गोष्ट समजून घेऊ.

नमाजाआधी काय करावे, याची आज्ञा कुराणाच्या पाचव्या सूरेतील सहाव्या आयतीत आहे. तिथे चार अवयवांची नावे आहेत : चेहरा, कोपरापर्यंत हात, डोके आणि घोट्यापर्यंत पाय. चेहरा आणि हात धुवायचे आहेत. डोक्यासाठी मात्र धुण्याचे क्रियापद नाही, मसह करण्याचे आहे. मराठीत आपण याला 'डोके पुसणे' म्हणतो खरे, पण त्याने घोटाळा होतो. आपल्याकडे पुसणे म्हणजे बहुधा पाणी काढून टाकणे. आंघोळ झाली, अंग पुसले. इथे उलटे आहे. हात ओला असतो आणि तो ओलावा डोक्याला लावायचा असतो. शाळेत मुले ओल्या फडक्याने पाटी पुसत, तसे म्हटले तर थोडेफार जमेल.

डोके धुवायलाच का सांगितले नाही? जाणती माणसे सांगतात की, दिवसातून पाच वेळा डोके भिजवले तर माणूस आजारी पडेल. लांब केस, थंडीचे दिवस, रात्रीचा प्रवास, हे सगळे लक्षात घेऊन ही सवलत आहे. आमच्या रीतीत कुणी मसह करण्याऐवजी डोके धुतलेच, तरी वुजू होतो. पण कुणी तसे करावे अशी अपेक्षा नाही.

आता खरी मेख कुठे आहे ती बघा. आयतीत 'डोके' या शब्दाच्या आधी अरबी भाषेतले एक अक्षर जोडलेले आहे, 'ब'. एवढेसे अक्षर, पण त्याने मोठे मोठे पंडित विचारात पाडले. मराठीतला दाखला देतो. आई मुलीला म्हणाली, "अंगण सारव." मुलीने कोपऱ्यातली हातभर जागा सारवली आणि ती खेळायला पळाली, तर आई रागावेल. अंगण सारवणे म्हणजे सगळे अंगण सारवणे. पण आई म्हणाली, "गाईच्या पाठीला हात लाव," आणि मुलीने खांद्याजवळ हात लावला, तर काम झाले. शेपटीपर्यंत सगळी पाठ चाचपून यायला कुणी सांगितले नव्हते. त्या 'ला' ने अर्थ बदलला. अरबीतल्या त्या 'ब' चे काहीसे असेच आहे. काही म्हणाले, तो केवळ जोर देण्यासाठी आहे, आज्ञा सगळ्या डोक्याची आहे. काही म्हणाले, नाही, तो 'डोक्यापैकी काही भाग' असे सुचवतो. कोर्दोवाचा मोठा पंडित इब्न रुश्द ११९८ साली वारला. त्याने 'बिदायतुल मुजतहिद' या ग्रंथात धर्मशास्त्रातले मतभेद आणि त्यांची कारणे मांडली आहेत. या मतभेदाचे मूळ त्या एका अक्षराच्या दोन अर्थांत आहे, असे त्याने स्वच्छ लिहून ठेवले आहे.

भाषा जिथे दोन वाटा दाखवते, तिथे माणूस प्रत्यक्ष आचरणाकडे बघतो. पैगंबरांना वुजू करताना पाहिलेल्या लोकांनी जे सांगितले, ते हदीसच्या संग्रहांत आहे. अब्दुल्ला बिन जैद यांनी सांगितले की, पैगंबरांनी दोन्ही हात कपाळाच्या वरून मागे मानेपर्यंत नेले आणि परत जिथून सुरुवात केली तिथे आणले. म्हणजे सगळे डोके. मुगीरा बिन शुअबा यांनी प्रवासातली हकिगत सांगितली, तीत पैगंबरांनी डोक्याचा पुढचा भाग, म्हणजे कपाळावरची बट, आणि वरून फेटा यांवर ओला हात फिरवला. म्हणजे डोक्याचा काही भाग. दोन्ही हकिगती विश्वासाच्या. आता यातून नियम कसा काढायचा?

मदीनेचे इमाम मालिक, जे ७९५ साली वारले, त्यांनी सगळे डोके धरले. बगदादचे इमाम अहमद बिन हंबल, मृत्यू ८५५, यांच्या पंथातही सगळे डोके, आणि कान डोक्यातच मोजलेले. कूफ्याच्या इमाम अबू हनीफांच्या पंथात ती पुढची बट म्हणजे डोक्याचा पाव हिस्सा असे धरले गेले. पाव डोके ओले झाले की फर्ज, म्हणजे आवश्यक तेवढे काम, पुरे झाले. आणि इमाम शाफी म्हणाले की, 'काही भाग' म्हटल्यावर त्याला माप लावायचे कारण नाही. डोक्याच्या हद्दीतले थोडे केस ओले झाले तरी फर्ज झाले. शाफी ग्रंथांत तर एका केसाचाही उल्लेख आहे.

इथे शिक्षकबंधूंसाठी एक गोष्ट सांगतो. इमाम शाफी हे मदीनेत इमाम मालिकांचे विद्यार्थी होते, आणि इमाम अहमद हे शाफींकडे शिकले. गुरू म्हणतो सगळे डोके, शिष्य म्हणतो थोडे केस पुरेत, आणि शिष्याचा शिष्य पुन्हा म्हणतो सगळे डोके. कुणी कुणाला वर्गाबाहेर काढल्याचे ऐकिवात नाही. आमच्या शाळाखात्यात असे खपले असते का, कोण जाणे!

शिया मंडळींची रीत आणखी वेगळी. मुंबईत इसना अशरी शिया बरेच आहेत. ते मसहसाठी नवे पाणी घेत नाहीत. हात धुतल्यावर तळव्यावर जो ओलावा राहिला असेल त्यानेच डोक्याच्या पुढच्या भागावर मसह करतात. पायही धुण्याऐवजी पायांवर मसह करतात. त्याचेही मूळ त्याच आयतीच्या वाचनात आहे, पण तो विषय आजचा नव्हे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. महाराष्ट्रात घाटावरचे बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी आहेत, आणि आम्ही कोकणी मुसलमान शाफी. हे असे का, तर आमच्याकडे धर्म समुद्राच्या वाटेने आला. अरब व्यापाऱ्यांची गलबते मोसमी वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याला लागत. मसूदी नावाचा अरब प्रवासी इ. स. ९१६ च्या सुमारास सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला, आला होता, आणि तिथे मुसलमानांची मोठी वस्ती असल्याचे त्याने लिहिले आहे. अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरची शाफी रीत पुढे याच वाटेने इकडे रुजली. केरळच्या मोपल्यांत आणि भटकळच्या नवायतांतही तीच आहे. माहीमचे मखदूम अली माहिमी, ज्यांचा दर्गा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल आणि जे १४३१ साली वारले, तेही शाफीच. घाटावर मात्र उत्तरेकडून, खुष्कीच्या मार्गाने आलेली हनफी रीत पसरली. मधे फक्त सह्याद्री. त्यामुळे दापोलीचा मुसलमान आणि कऱ्हाडचा मुसलमान एका नमाजात खांद्याला खांदा लावून उभे राहतात, पण हौदावर बसले की हात थोडे निराळे फिरतात.

आणि इथेच माझ्या बहिणीची गोष्ट येते. १९७९ साली तिचे लग्न झाले आणि ती कऱ्हाडकडच्या एका खेड्यात गेली. घाट ओलांडून सोयरीक आमच्या घराण्यात ती पहिलीच. घर चांगले, माणसे चांगली. सासूबाई पाचवक्ती नमाजी, शिस्तीच्या. एक दिवस पहाटे त्यांनी सुनेला वुजू करताना पाहिले. थंडीचे दिवस होते. बहिणीने ओढणी न काढता हात आत घालून कपाळावरचे थोडे केस ओले केले आणि पाय धुवायला घेतले. सासूबाईंनी विचारले, "झाले? एवढेच?" ती म्हणाली, "हो, आमच्याकडे एवढे चालते." सासूबाई म्हणाल्या, "पाव डोके तरी भिजायला हवे. तुझा वुजूच झाला नाही, मग नमाज कसला झाला? लहानपणापासूनचे सगळे नमाज फिरून पढावे लागतील तुला."

श्रोतेहो, हे वाक्य रागाने बोललेले नव्हते. त्यांना खरोखरच सुनेच्या परलोकाची काळजी वाटली होती. पण ऐकणारी एकोणीस वर्षांची पोर. सातव्या वर्षापासून आमच्या दादीने तिला पहाटे उठवून नमाज शिकवलेला. ती सगळी वर्षे वाया गेली, आणि दादी, जी तोवर वारली होती, तिने आयुष्यभर केले तेही वाया, असा त्याचा अर्थ तिने घेतला. तिने बाबांना कार्ड टाकले. त्यात तक्रार एका शब्दाची नव्हती. एवढेच विचारले होते की, दादीच्या नमाजांचे आता काय?

बाबा ते कार्ड खिशात घालून यष्टीने कऱ्हाडला गेले. मी सोबत होतो. तिथे गावात एक म्हातारे मौलवीसाहेब होते, हनफीच. पण त्यांनी दोन्ही पंथांची पुस्तके वाचली होती. ते दखनीत बोलले, मी मराठीत सांगतो. सासूबाई पडद्याआड बसल्या होत्या. मौलवीसाहेबांनी आधी माझ्या बहिणीला विचारले, "बेटी, जे केस ओले केलेस ते डोक्यावरचे होते की खाली लोंबणारे?" ती म्हणाली, "डोक्यावरचे." "मग तुझ्या इमामाप्रमाणे तुझा वुजू झाला आहे. तुझ्या दादीचाही झाला आहे. एकही नमाज फिरून पढायचा नाही."

सासूबाईंनी आतून विचारले, "मग आमचे पाव डोके खोटे?"

"ते कसे खोटे असेल, आपा? तुम्ही तुमच्या इमामामागे, ती तिच्या इमामामागे. पण मला एक सांगा, तुम्ही स्वतः पाव डोक्यावर हात फिरवून थांबता का?"

सासूबाई म्हणाल्या, "छे, मी सगळ्या डोक्यावरून फिरवते. तसेच शिकवले आहे."

"का? पाव पुरे आहे ना?"

त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. मग मौलवीसाहेब माझ्या बहिणीकडे वळून म्हणाले की, शाफी पुस्तकांतही सगळ्या डोक्यावर मसह करणे ही सुन्नत आहे. थोडे केस ही नुसती किमान हद्द आहे, तिच्याखाली जाता येत नाही एवढेच. जिथे इमामांत मतभेद आहे, तिथे सगळ्यांना मान्य होईल असे करावे, हेही तिच्याच पंथाचे पंडित सांगतात. तिने सगळ्या डोक्यावरून हात फिरवला तर चारही इमामांच्या हिशेबात ते बसते.

बाबांनी परतीच्या वाटेवर कार्ड फाडून टाकले. मला मात्र वाटते की, ते ठेवायला हवे होते.

त्या दिवसापासून मी या विषयाची पुस्तके जमतील तशी वाचली. शाळेत दोन्हीकडची मुले असत, ती भांडतही असत, आणि मला उत्तर द्यावे लागे. म्हणून रोजच्या अडचणींतल्या काही गोष्टी सांगतो. आमच्या कोकणी आणि घाटावरच्या घरांत ज्या पडतात, तेवढ्याच.

सगळ्या डोक्यावरून मसह करायची सोपी रीत अशी. हात धुऊन झाल्यावर तळवे पुन्हा ओले करावेत, जास्तीचे पाणी झटकावे, दोन्ही हातांची बोटे कपाळाच्या वर, जिथे केस सुरू होतात तिथे टेकवावीत, मागे मानेपर्यंत न्यावीत आणि परत पुढे आणावीत. मग तर्जनी कानाच्या आत आणि अंगठा कानाच्या पाठीमागून फिरवावा. हनफी मंडळी कानांसाठी तेच पाणी चालवतात, शाफी नवे घेतात. हनफींत डोक्यावरून एकदाच हात फिरवतात, शाफींत तीनदा फिरवणे सुन्नत आहे. मानेवरून हात फिरवणे हनफींत चांगले मानले आहे. शाफींचे मोठे पंडित इमाम नववी यांनी मात्र ती सुन्नत नव्हे असे म्हटले आहे. यांतले काहीही राहिले तरी वुजू मोडत नाही.

बायकांना वेणी किंवा अंबाडा सोडावा लागत नाही. पण नुसता वेणीचा शेंडा ओला करून भागत नाही. ओलावा डोक्यावर हवा. डोक्याला तेल असले तरी हरकत नाही, आणि मेंदीच्या रंगाचीही नाही. मेंदीचा लगदाच थापलेला असेल आणि पाणी केसांपर्यंत पोचत नसेल, तर तो आधी धुवायला हवा. वुजू केल्यावर न्हाव्याकडे जाऊन केस कापले किंवा मुंडन केले, तरी मसह पुन्हा करावा लागत नाही. हा प्रश्न मला दर बाजाराच्या दिवशी कुणी ना कुणी विचारी, कारण आमच्या गावात न्हाव्याचे दुकान मशिदीला लागूनच होते.

टोपीवरून किंवा फेट्यावरून हात फिरवून चालेल का? हनफींत नुसत्या फेट्यावर चालत नाही, फर्जापुरते डोके ओले व्हायलाच हवे. शाफींत थोडे डोके ओले करून उरलेला हात फेट्यावरून नेता येतो. मुगीरांच्या हकिगतीत तेच आहे. हंबली पंथात काही अटी पाळून फेट्यावरही चालते. डोक्याला जखम आहे, पट्टी बांधली आहे आणि डॉक्टरांनी पाणी लावू नका म्हटले आहे, तर पट्टीवरून ओला हात फिरवण्याची सवलत आहे. त्याचे तपशील दोन्ही पंथांत वेगळे आहेत, ते आपल्या इमामसाहेबांना विचारावेत. पण जखम भिजवून दुखणे वाढवा, असे कुणीही सांगत नाही.

एक फरक मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. समजा, घाईत मसह राहिला आणि पाय धुऊन झाले. हनफी माणसाने आठवले तेव्हा मसह करावा, पुरे. शाफी माणसाने मसह करून पाय पुन्हा धुवावेत, कारण आमच्यात क्रमही फर्ज आहे. मसह न करताच नमाज पढला असेल, तर दोघांनाही तो फिरून पढावा लागतो.

पावसाचेही ऐका. हनफी पुस्तकांत आहे की, पावसात डोके पाव हिश्श्याइतके भिजले तर मसहचे फर्ज उतरले, हात फिरवायलाही नको. कोकणात चार महिने ही सोय फुकट मिळाली असती; पण आम्ही पडलो शाफी, आमच्यात वुजूची नियत, म्हणजे मनातला हेतू, आधी हवा!

आणि जिथे पाऊसच नाही तिथे? १९७२ च्या दुष्काळात घाटावर पिण्याच्या पाण्याचे हाल होते. अशा वेळी स्वच्छ मातीवर तयम्मुम करतात. त्यात चेहरा आणि हात एवढेच येतात. डोके आणि पाय त्यातून वगळलेलेच आहेत. पाणी असले तरी ते फार लागत नाही. पैगंबर एका मुद्द पाण्यात वुजू करीत असे हदीसमध्ये आहे. मुद्द हे अरबी माप. त्याच्या हिशेबात मतभेद आहेत, पण पाऊण लिटरच्या आतबाहेर ते लिटरभर, एवढे धरायला हरकत नाही. माझी दादी तोटीच्या एका तांब्यात वुजू उरकून उरलेले पाणी तुळतुळीत घासलेल्या पायरीशेजारच्या जास्वंदीला घाली. आज नळ सोडून ठेवून वुजू करणारी तरुण मंडळी पाहिली की मला तो तांब्या आठवतो.

मुंबईला गेलात तर क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद जरूर बाहेरून तरी पाहा. १८०२ साली ती बांधून पूर्ण झाली. मशिदीच्या तळाशी जुना तलाव आहे, झऱ्याच्या पाण्याचा, त्यात मासे फिरतात. कारभार कोकणी मुसलमानांच्या विश्वस्तांकडे. पण पायऱ्यांवर बसणारे बाजारातले, कोकणातले, उत्तरेकडचे, सगळेच. तिथे बसलो असताना मी पुष्कळदा शेजाऱ्याचे हात बघितले आहेत. कोण एकदा फिरवतो, कोण तीनदा, कोण मानेपर्यंत जातो. बघायचे नसते, पण शिक्षकाची खोड जात नाही.

माझी बहीण अजून कऱ्हाडकडेच आहे. सासूबाई वारल्या त्याला बरीच वर्षे झाली. बहीण त्या थंडीपासून सगळ्या डोक्यावरून हात फिरवते, तीनदा. तिची मुलगी बापाच्या रीतीने एकदा फिरवते आणि मग मानेवरून. मागच्या ईदला मी गेलो होतो, तेव्हा दोघी अंगणातल्या एकाच नळावर बसल्या होत्या आणि मुलगी आईला म्हणत होती, "अम्मी, लवकर आवर, तुझे तीन होईपर्यंत माझा पाय धुऊन होतो."